1998 ची जिप्सी, जांभ्याची वाट आणि एक लाखाची मर्यादा : सुरुवात कुठून करावी?

मेढ्याचा_वाटसरू

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी 1998 ची मारुती जिप्सी किंग आहे. 1298 सीसीचे कार्बोरेटरवाले इंजिन, कापडी टप आणि एमएच 11 चे पासिंग, असा तिचा थोडक्यात परिचय. थोरल्या काकांनी ती बरीच वर्षे साताऱ्यात वापरली आणि आता ती माझ्याकडे आली आहे. तिच्याकडून करून घ्यायचे काम ठरलेले आहे. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. डांबरी रस्ता संपला की पुढे गावाच्या वहिवाटीची वाट लागते, जी आधी काळ्या दगडगोट्यांतून, मग एका ओढ्यातून आणि शेवटी जांभ्याच्या वीतभर ते हातभर उंचीच्या पायऱ्यांवरून पठारावर चढते.

गाडीच्या तक्रारी तीन आहेत. वेग साठच्या आसपास गेला आणि चाक एखाद्या खड्ड्यात आपटले, की स्टिअरिंग इतके थरथरू लागते की गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते शांत होत नाही. लो (कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची खालची पायरी; नेहमीची ती हाय) टाकून दगडावर चढवताना खालून ठोका बसल्यासारखा आवाज येतो. आणि तीव्र चढावर नाक वर झाले की इंजिन बंद पडते.

साताऱ्यातील एका गॅरेजवाल्यांचा सल्ला असा, की पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी कमानी, ॲक्सलच्या वर घेऊन गाडी पाच इंच उचलावी आणि 31 इंची टायर बसवावेत. बाकीचे नंतर पाहता येईल. कराडच्या एका मित्राचे म्हणणे नेमके उलट आहे, की गाडीला हातच लावू नये. माझी मर्यादा एक लाख रुपयांची आहे. या रकमेत आधी काय करावे आणि काय करूच नये, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ऊसट्रॉली

एक लाखात जिप्सी दुरुस्त होते असे समजणारा माणूस आशावादी असतो. त्यातच बदलही होतात असे समजणारा बहुधा अविवाहित असतो.

पाना_बारा_तेरा

वाटसरू, पैसे टायरवर घालण्याआधी गाडी रॅम्पवर घ्या आणि हातोडीच्या दांड्याने चासी ठोकत जा. जावळी आणि महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस किती पडतो हे तुम्हाला सांगायला नको. त्या भागात वापरलेल्या जिप्सीची चासी मागच्या शॅकलच्या (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) बैठकीजवळ आणि पुढच्या पाट्यांच्या हँगरपाशी आतून गंजते, कारण चिखल तिथे साचून राहतो आणि वाळायला त्याला वर्षातले फार थोडे महिने मिळतात. ठोकताना आवाज खणखणीत आला तर उत्तम. बसका आला तर तिथे टोच्या घालून पाहा. टोच्या आत गेला, तर तुमच्या एक लाखाचा पहिला मानकरी ठरला, असे समजा. गंजलेल्या चासीला उंच पाटे आणि मोठी चाके लावणे म्हणजे तिच्यावरची ओढ वाढवणे होय.

आता स्टिअरिंगच्या थरथरीविषयी. हा रोग दूर करण्यासाठी बहुतेक जण स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. त्याने थरथर काही दिवस झाकली जाते, पण तिचे कारण जागेवर राहते. पुढचे चाक जॅकवर उचला. एक हात बाराच्या आणि दुसरा सहाच्या जागी ठेवून चाक आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर तो किंगपिनच्या, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्या, बेअरिंगचा आहे. त्यानंतर हात तीन आणि नऊच्या जागी ठेवून हलवा. तिथला खेळ स्टिअरिंगच्या जोडरॉडांकडे (टायरॉड एंड, ड्रॅगलिंक) किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे बोट दाखवतो. या सर्व पाहणीला एक पैसा लागत नाही आणि ती न करता कोणी तुम्हाला सुटे भाग आणायला पाठवले, तर त्या गॅरेजात गाडी ठेवू नका.

मिरजेचे_अण्णा

जिप्सी विकून टाका आणि जुनी महिंद्राची एमएम 540 जीप घ्या. 2112 सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन, चढावर कार्बोरेटरची कटकट नाही आणि हाय-लो मधला फरक सुमारे अडीच पट. जिप्सीच्या हाय-लो मधला फरक इतका थोडा आहे, की लो टाकली की नाही हे पाहायला खाली वाकून दांडी बघावी लागते.

पाना_बारा_तेरा

अण्णा, तुमचे निम्मे म्हणणे मान्य आहे. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या, हाय-लोच्या पेटीचे) गुणोत्तर हायमध्ये 1.409 आणि लोमध्ये 2.268 आहे. म्हणजे दोन्हींतला फरक केवळ 1.61 पटींचा, आणि म्हणूनच लो टाकल्याचा फार परिणाम जाणवत नाही. परंतु यावरून तिची लो कमजोर आहे असे म्हणणे बरोबर नाही, कारण तिची हायच मुळात खाली बांधलेली आहे. जीपची हाय एकास एक असल्यामुळे तिथे फरक मोठा वाटतो. चढणीवर कामाला येते ते एकूण गुणोत्तर, दोन दांड्यांमधला फरक नव्हे. तरीही दगडावर मुंगीच्या चालीने चढण्यासाठी जिप्सीला आणखी थोडी खालची लो हवी होती, हे तुमचे म्हणणे मी खोडणार नाही. परदेशात सामुराई या नावाने विकल्या गेलेल्या याच जातीच्या गाडीसाठी 4.16 चे लो गिअर तयार मिळतात, पण ते मागवण्यातच वाटसरूंची मर्यादा संपून जाईल.

मिरजेचे_अण्णा

म्हणजे जिप्सी विकायची नाही, असे सरळ सांगा ना काका.

उंचच_बरी

मी पाटे ॲक्सलच्या वर घेतलेली जिप्सी वापरतो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, त्यामुळे दुसरी बाजूही मांडली जावी असे वाटते. कंपनीच्या रचनेत पाटे ॲक्सलच्या खाली असतात; म्हणजे यू-बोल्टची टोके, त्यांच्या नटा आणि खालची पट्टी ही चारही चाकांपाशी जमिनीच्या दिशेने लोंबत राहतात. वाटसरूंनी वर्णन केलेल्या जांभ्याच्या पायरीवर चाक चढते आणि ही पट्टी पायरीच्या कडेला अडकते. पाटे वर घेतले की हे लोंबणे संपते, पाट्यांना हलायला जागा मिळते आणि मोठे टायर चाकाच्या पोकळीत घासत नाहीत. गॅरेजवाल्यांचा सल्ला अगदीच अडाणीपणाचा आहे, असे कोणी समजू नये.

कराडचा_कमानवाला

उंचच_बरी यांनी यू-बोल्टच्या पट्टीविषयी लिहिलेले पूर्णपणे खरे आहे आणि हा मुद्दा फार थोडे लोक लक्षात घेतात. आता त्याच्या जोडीला जी कामे येतात, ती मी क्रमाने सांगतो, कारण माझा व्यवसायच पाट्यांचा आहे आणि अशा गाड्या अर्धवट केलेल्या अवस्थेत आमच्याकडे येतात.

पाटे वर घेताना ॲक्सलच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि त्या करतानाच पिनियनचे (प्रॉपेलर शाफ्ट ज्याला जोडतो त्या ॲक्सलमधल्या गिअरचे) तोंड ट्रान्सफर केसच्या दिशेला योग्य कोनात ठेवावे लागते. कोन चुकला की प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस काही दिवसांत वाजू लागतो. पुढच्या ॲक्सलला तर दुहेरी अडचण आहे : पिनियन वर वळवला की किंगपिनचा कलही त्याच्यासोबत बदलतो, आणि तो कल कमी झाला की स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही. त्याशिवाय चासी वर गेली आणि ॲक्सल जागेवर राहिला, की ड्रॅगलिंक तिरपी होते. मग प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढ घेते. ब्रेकचे रबरी पाइप लांब लागतात, शॉकअप लांब लागतात, कधी प्रॉपेलर शाफ्टही लांब करावा लागतो. आणि शेवटची गोष्ट म्हणजे जोर लावला की मागचे पाटे इंग्रजी एसच्या आकारात पिळवटतात आणि पिनियन उचलला जातो. त्यासाठी वेगळा रॉड द्यावा लागतो. ही सर्व कामे केली असतील तर तशी गाडी चांगली चालते, याबद्दल वाद नाही. पाच इंच उचलण्याचे पैसे सांगणारा माणूस यांपैकी किती कामांचे पैसे त्यात धरतो, हे आधी विचारावे.

उंचच_बरी

मान्य आहे. पिळवटणे रोखणारा रॉड मी नंतर बसवला आणि ड्रॅगलिंकचा प्रश्न नकलच्या (पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) वरच्या बाजूने नवीन आर्म देऊन सोडवला. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून वर गेला, हेही खरे आहे. मी कमानवाल्यांशी भांडत नाही. फक्त उंची वाईट असते असा समज पसरू नये, एवढेच म्हणणे आहे.

वेण्णाकाठी

मी जवळपास अशाच वाटेवर जिप्सी चालवते आणि माझी गाडी पाट्यांच्या बाबतीत कंपनीतून आली तशीच आहे. उंचीच्या या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडते आहे, ती अशी की चासी कितीही उचलली तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून जितका वर होता तितकाच राहतो. तो वर उचलायचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे टायरचा घेर. कंपनीच्या 205/70 आर 15 मापाच्या टायरचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर भरतो आणि 235/75 आर 15 चा सुमारे 733. फरक 65 मिलिमीटरचा, आणि ॲक्सल वर येतो तो त्याच्या निम्म्याने, म्हणजे 32-33 मिलिमीटरने. ऐकायला हे फार थोडे वाटते. पण खडकावर गोळा टेकणे आणि न टेकणे यांत तेवढेच अंतर असते.

या मापाची किंमतही मोजावी लागते. घेर सुमारे दहा टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर 50 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 55 ने धावत असते आणि तेवढ्याच प्रमाणात गिअर जड होतात. पाना_बारा_तेरा काकांनी जी लो आधीच अपुरी म्हटली, ती आणखी अपुरी होते. 31 इंचांच्या टायरला तर हे इंजिन, ज्याची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत आहे, दगडावर क्लच जाळल्याशिवाय ओढू शकत नाही. माझे मत असे की 235/75 वर थांबावे.

ऊसट्रॉली

वेण्णाकाठी ताईंनी मिलिमीटर सांगितले, तेव्हा गॅरेजवाल्यांचे इंच आपोआप कमी झाले.

माणदेशी_खडक

ताईंच्या म्हणण्याला माझी एक पुस्ती. टायर कोणताही असो, त्यातील हवा हाच सर्वांत स्वस्त बदल आहे. दहिवडीकडच्या आमच्या माळावर मी दगडी वाट सुरू होण्याआधी हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर दगडाला कवटाळतो, गाडी उसळत नाही आणि पाठही वाचते. फक्त तुमचे टायर ट्यूबचे असतील तर इतकी हवा उतरवू नका, कारण कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर फिरते आणि व्हॉल्व्हचे बूड उपटून निघते. ट्यूबलेस टायरला हा धोका नाही, पण फारच खाली गेलात तर टायर रिमवरून उतरतो. परतताना डांबरीवर येण्यापूर्वी हवा भरलीच पाहिजे, म्हणून बारा व्होल्टचा पंप गाडीतच ठेवा.

काळ्या दगडाचे आणखी एक वैशिष्ट्य सांगतो. नुकताच फुटलेला बसाल्ट काचेच्या धारेचा असतो आणि तो टायरच्या तळाला नव्हे, तर बगलेला कापतो. बगलेचे पंक्चर निघत नाही. त्यामुळे टायर घेताना वरची नक्षी किती रांगडी दिसते यापेक्षा बगलेला किती थर आहेत, ते विचारा.

नियम_पाळा

चर्चा रंगली आहे, पण कायद्याचा उल्लेख कोणीही केलेला नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील, असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढे लावले जाणारे लोखंडी क्रॅश गार्डही कलम 52 चाच भंग करत असल्याचे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले होते.

वाटसरूंची गाडी 1998 ची आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, हे धरले तर 2028 मध्ये ती पुन्हा तपासणीला उभी राहील. पाच इंच उचललेली गाडी घेऊन त्या रांगेत उभे राहण्याची हिंमत असेल, तरच ते काम करावे. अपघात झाल्यास विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करून दावा नाकारू शकते, ही गोष्ट मला दंडापेक्षा अधिक गंभीर वाटते.

उंचच_बरी

साहेब, मी वर लिहिलेले सर्व केवळ साहित्यिक कल्पना समजावे.

मिरजेचे_अण्णा

आमची एमएम 540 कंपनीतूनच इतकी उंच आली आहे की तपासणीला जाताना लाज वाटत नाही.

सडा_आणि_फुले

जांभ्याचे पठार म्हटल्यावर एक विनंती करावीशी वाटते. कास पठाराचे नाव 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि कोयना-चांदोलीचे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते. तिथे गाडी वाटेबाहेर नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु ज्यांना कोणतेही नाव मिळालेले नाही, अशा पठारांवरही कातळाच्या खळग्यांत जी बोटभर माती असते, तिच्यातच पावसाळी फुलांचे बी वर्षभर पडून राहते. ओल्या दिवसांत त्यावरून एक चाक फिरले तरी ती माती वाहून जाते. आपण चर्चा करता आहात तो बदल कोणताही करा, पण गाडी रुळलेल्या चाकोरीतच ठेवा.

मेढ्याचा_वाटसरू

आपली विनंती योग्य आहे. आमची वाट बैलगाडीच्या काळापासूनची आहे आणि चाकोरी सोडून पठारावर फिरण्याचा माझा विचार नाही. मला फक्त वाडीपर्यंत पोचायचे आहे.

पाना_बारा_तेरा काका, आपण सांगितलेली चाचणी आज करून पाहिली. चासी तीन ठिकाणी ठीक वाजली, मागच्या डाव्या शॅकलपाशी मात्र टोच्या आत गेला. चाकाचा खेळ ब्रेक दाबूनही दोन्ही बाजूंना राहतो. नकलच्या गोल भांड्यातून ग्रीस आणि तेल यांचे मिश्रणही बाहेर येत आहे. मागच्या डिफरन्शियलचा नट सैल करून पाहिला तर तेल ताकासारखे पांढरे निघाले. लोमध्ये येणाऱ्या ठोक्याचे कारण मात्र सापडलेले नाही.

पाना_बारा_तेरा

उत्तम केलेत. आता गाडीच स्वतः आपली यादी सांगू लागली आहे, म्हणून एकेक घेतो.

किंगपिनची चारही बेअरिंगे बदला. एका बाजूची बदलून चालत नाही. बसवताना त्यांच्या झाकणाखाली पातळ शिम असतात. त्या कमी-जास्त करून बेअरिंगवर ठरावीक ताण आणायचा असतो आणि तो स्टिअरिंगचे रॉड सोडवून, नकलच्या आर्मला साधा स्प्रिंगकाटा अडकवून ओढ किती लागते यावरून मोजतात. कंपनीच्या पुस्तकात आकडा दिलेला आहे. पुष्कळ मेस्त्री हाताच्या अंदाजाने बसवतात आणि मग नवी बेअरिंगे घालूनही थरथर परत येते. हे काम चालू असताना समोर उभे राहा आणि काटा लावायला सांगा. नकल उघडलेच आहे, तर आतले ऑइल सील आणि बाहेरचे पुसणीचे नमदे त्याच वेळी नवीन घाला. भांड्यात येणारे तेल ॲक्सलचे आहे आणि ते आतल्या सीलमधून येते आहे.

पांढऱ्या तेलाचे कारण ओढा आहे. ॲक्सलच्या माथ्यावर छोटा ब्रीदर असतो. चढ चढून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सील यांतून पाणी ओढून घेतले जाते. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरना रबरी नळी जोडा आणि तिची टोके बॉनेटखाली उंचावर बांधा. संपूर्ण यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम हेच आहे. तेल मात्र आजच बदला. पांढऱ्या तेलावर क्राउन-पिनियन फार काळ तग धरत नाहीत.

लोमधला ठोका बहुधा ट्रान्सफर केसच्या रबरी माउंटिंगचा असावा. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडलेली नसून वेगळी, चासीला तीन रबरांवर टांगलेली असते आणि मधे छोटा शाफ्ट असतो. लोमध्ये पीळ वाढला की फाटलेल्या रबरामुळे पूर्ण पेटी वळते आणि चासीला ठोका देते. एकाने गाडी ब्रेकवर धरून लोमध्ये क्लच किंचित सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून, गाडीखाली न शिरता, खाली वाकून पाहायचे. पेटी डोळ्यांना दिसेल इतकी हलते. पुढे कोणीही उभे राहू नये.

वेण्णाकाठी

चढावर इंजिन बंद पडण्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल गाडी तिरपी झाली की एका बाजूला जाते. मग कधी जेट कोरडा पडतो, तर कधी पेट्रोल वर सांडून इंजिन गुदमरते. फ्लोटची पातळी पुस्तकाप्रमाणे लावून घेणे, सुईची बैठक बदलणे आणि आयडल किंचित वाढवणे यांनी माझ्या गाडीचा त्रास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. काही जण 2000 नंतरच्या गाडीतील सोळा व्हॉल्व्हचे एमपीआय इंजिन बसवतात. ते इंजिन निःसंशय चांगले आहे. पण वायरिंग, टाकीतील पंप आणि नोंदणीत इंजिन क्रमांक बदलण्याची परवानगी हे सर्व धरले तर तुमच्या मर्यादेत ते बसणार नाही.

त्याऐवजी एक सवय लावून घ्या. चढावर इंजिन बंद पडले तर घाबरून क्लच दाबू नका, कारण क्लच दाबला की गाडी मागे घसरते. लो आणि पहिला गिअर तसाच ठेवून, पाय ब्रेकवर, सरळ सेल्फ मारा. इंजिन सुरू होता होता गाडी तेवढीच पुढे सरकते आणि मग ब्रेक सोडायचा. या जुन्या गाडीत क्लच न दाबताही सेल्फ लागतो, हे तिचे मोठे सुख आहे.

ऊसट्रॉली

ही युक्ती बाजारात, समोर भाजीची हातगाडी उभी असताना, चुकूनही वापरू नये.

कोल्हापुरी_लेथ

मला वाटते की मागच्या डिफरन्शियलचे आतले गिअर वेल्ड करून टाकावेत. एक चाक हवेत गेले की दुसरे थांबते, हा सगळा त्रास एका दुपारच्या कामात संपतो. पैसेही फारसे लागत नाहीत.

कराडचा_कमानवाला

आणि पासरणीच्या घाटात एका वळणावर उरलेले सगळेही संपते. साहेब, वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते आणि आतले कमी, म्हणूनच डिफरन्शियल शोधला गेला. तो बंद केल्यावर डांबरीवर प्रत्येक वळणाला एक टायर घसटत राहतो, नाही तर ॲक्सल शाफ्ट पिळतो. ओल्या रस्त्यावर मागचा भाग बाहेर फेकला जातो. केवळ माळावर राहणाऱ्या, ट्रॉलीवर घालून नेल्या जाणाऱ्या गाडीसाठी ते चालेल. वाटसरूंना डांबरीवरून साताऱ्याला बाजारहाटासाठीही यायचे आहे.

माणदेशी_खडक

एक चाक अधांतरी फिरू लागले तर डाव्या पायाने ब्रेक हळूच दाबून उजव्या पायाने ॲक्सिलरेटर तेवढाच ठेवावा. फिरणाऱ्या चाकाला ब्रेकचा अडसर झाला की जोर दुसऱ्या चाकाकडेही पोचतो. याला सराव लागतो, पण पैसे लागत नाहीत.

मेढ्याचा_वाटसरू

आता पाट्यांविषयी विचारतो. माझ्या गाडीचे मागचे पाटे जवळजवळ सरळ झाले आहेत. गावातील एक लोहार ते भट्टीत घालून पुन्हा कमान देतो, असे म्हणतात. द्यावेत का?

कराडचा_कमानवाला

देऊ नयेत. पाट्याचे लोखंड साधे नसते. ते सिलिकॉन आणि मँगनीज असलेले स्प्रिंग पोलाद असते आणि त्याचा लवचीकपणा तेलात विझवून, नंतर ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून आणलेला असतो. भट्टीत लाल करून ठोकले आणि हवेत गार होऊ दिले, की कमान दिसायला सुंदर येते. पण पोलाद मऊ पडलेले असते आणि पहिल्याच पावसाळ्यात पाटा पुन्हा सरळ होतो. घाईने पाण्यात विझवला तर तो ठिसूळ होऊन दगडावर मोडतो. आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांचे आणि मालमोटारींचे पाटे गार अवस्थेतच दाबून कमान दिली जाते. सरळ झालेल्या पाट्याला त्यानेही थोडेच आयुष्य मिळते, परंतु तो मऊ होत नाही.

तुमच्या बाबतीत मी नवे मूळ मापाचे पाटे आणि नवे बुश, एवढेच सुचवतो. थकलेले पाटे गेले की गाडी आपोआपच दीड-दोन इंच वर येईल, कारण तितकी ती आज खाली बसलेली असते. लांब शॅकल बसवून उंची मिळवण्याचा मोह टाळा. जिप्सीत पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ते लांब केले की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, किंगपिनचा कल कमी होतो आणि काकांनी बरी केलेली थरथर तुम्ही पैसे देऊन परत आणता.

आणि नव्या पाट्यांना एकमेकांवर बसवण्याआधी प्रत्येक थरात ग्रॅफाइटचे ग्रीस लावा. उंचीपेक्षा पाटे मोकळे सरकणे दगडावर जास्त महत्त्वाचे असते. गंजून एकमेकांना चिकटलेला जुडगा हलतच नाही, मग चाक उचलले जाते.

मिरजेचे_अण्णा

खाली संरक्षक पत्रा लावणार की नाही? आमच्या जीपला पाच मिलिमीटरचा पत्रा आहे. रणगाडा आहे नुसता.

पाना_बारा_तेरा

पाच मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला सुमारे 39 किलो भरतो, अण्णा. साठ बाय ऐंशी सेंटिमीटरचा एक तुकडा घेतला तरी जवळजवळ 19 किलो झाले. जिप्सीचे मोठे बळ तिचे हलकेपण आहे. ती जेमतेम टनाची गाडी आहे. ट्रान्सफर केसखाली लहान पत्रा पुरेसा आहे, तोही बोल्टने बसवलेला, म्हणजे तेल बदलताना काढता येईल. त्याला पाणी आणि चिखल निघून जाण्यासाठी भोके ठेवा, नाही तर तो पत्राच चासीला गंजवील. पुढे आणि मागे ओढण्याचे हूक मात्र चासीलाच, 8.8 दर्जाच्या बोल्टने बसवा. बंपरला दोर बांधून गाडी ओढणाऱ्यांच्या काचा फुटलेल्या पाहिल्या आहेत.

मेढ्याचा_वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. आता माझा क्रम असा ठरला आहे : मागच्या शॅकलपाशी चासीचे पत्रेकाम आणि आतून गंजरोधक, मग किंगपिनची बेअरिंगे आणि सील, ट्रान्सफर केसचे रबर, सर्व तेले आणि ब्रीदरच्या नळ्या, त्यानंतर मूळ मापाचे पाटे, बुश आणि शॉकअप. फ्लोटची पातळी त्याच खेपेत. उरलेल्या पैशांत 235/75 चे ट्यूबलेस टायर बसले तर या वर्षी, नाही तर पुढच्या. गॅरेजवाल्यांना पाच इंचांचा नकार कळवला. ते थोडे नाराज झाले.

नियम_पाळा

टायरचे मापही नोंदलेल्या मापापेक्षा मोठे आहे, याची नोंद घ्यावी. तपासणीला जाताना मूळ मापाची चाके जपून ठेवलेली बरी.

वेण्णाकाठी

वाटसरू, आणखी एक. पहिल्या खेपेला शेजारच्या सीटवर कोणालाही बसवू नका. त्या माणसाला खाली उतरवून पुढे उभे करा आणि त्याच्या हाताच्या खुणेवर चाक ठेवा. बॉनेटमुळे डाव्या चाकापुढचा दगड चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही.

मेढ्याचा_वाटसरू

तसेच करीन. कमानवाले साहेब, शेवटचा प्रश्न : पाटे बसवल्यावर यू-बोल्ट आणि शॅकलचे बोल्ट लगेच पूर्ण आवळायचे, की काही काळाने?

कराडचा_कमानवाला

शॅकलचे आणि हँगरचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावा. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली येताच रबरी बुश पिळले जातात आणि थोड्याच दिवसांत फाटतात. यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. ते आवळताना एकाआड एक कोपरा घ्या आणि सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात नीट बसले आहे ना, ते बोटाने चाचपून पाहा. वाडीची एक खेप झाली की पुन्हा पाना लावा. नवे पाटे एकमेकांवर दबून बसतात आणि नटा हमखास अर्धा-पाऊण फेरा आणखी घेतात.